मांसाहार सोडून वर्ष झालं, सगळं ठीक वाटतंय; तरी बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी घ्यायलाच हवी का?

दूध, दही, अंडीही सोडली असतील तर हो, घ्यायलाच हवी. दूध-अंडी चालू असतील तर आधी रक्त तपासा आणि मग ठरवा. बी-१२ जिवाणू तयार करतात, वनस्पती नाही. त्यामुळे पालेभाज्या, डाळी कितीही खाल्ल्या तरी ते मिळत नाही, आणि स्पिरुलिनात (पूरक आहार म्हणून विकलं जाणारं निळं-हिरवं शेवाळ) जे सापडतं ते बहुतांशी शरीराला निरुपयोगी असतं (डब्यावर काहीही छापलेलं असो). प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २.४ मायक्रोग्रॅम लागतं. पाव लिटर दुधातून त्यातलं जेमतेम १ मिळतं.

'ठीक वाटतंय' यावर मात्र जाऊ नका. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून वर्षभरात काही जाणवलं नाही तर नवल नाही. त्यात शाकाहारात फोलेट (पालेभाज्या-डाळींतलं दुसरं एक बी जीवनसत्त्व) भरपूर असतं आणि बी-१२ कमी पडल्याने होणारा रक्तक्षय ते झाकून ठेवतं: हिमोग्लोबिन बरं दिसतं, पण आतून नसांचं (मज्जातंतूंचं) नुकसान चालूच राहतं. पायांना मुंग्या येणं, तोल जाणं, जीभ लाल गुळगुळीत होणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. नसांचं नुकसान फार काळ राहिलं तर पूर्ण भरून येईलच असं नाही.

एक गोष्ट लक्षात घ्या, हा प्रश्न फक्त शाकाहाऱ्यांचा नाही. पन्नाशीनंतर पोटातलं आम्ल कमी झालं, किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) वा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असल्या, तर रोज मटण खाणाऱ्यालाही बी-१२ कमी पडू शकतं.