दार उघडं ठेवून करता येईल तेवढंच: कॅम्पसवरच्या ख्रिस्ती गटाच्या नव्या प्रमुखाला पत्र

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

जूनपासून गटाची जबाबदारी तुझ्याकडे येते आहे, तेव्हा कामाचंच लिहितो. एक गोष्ट आधी सांगतो, कारण बाकीचं बहुतेक तिच्यातूनच निघतं. गटात जे काही होईल ते खोलीचं दार उघडं ठेवून करता आलं पाहिजे. रेक्टर, एखाद्या मुलीचे वडील, दुसऱ्या संघटनेचा कार्यकर्ता, कोणीही मध्येच येऊन बसलं तरी चालू वाक्य बदलावं लागू नये.

सुरुवात अर्जापासून. वर्ग किंवा हॉल हवा असेल तर अर्जात साफ लिही: ‘ख्रिस्ती विद्यार्थ्यांची प्रार्थना व बायबल अभ्यास, सर्वांना खुला’. तारीख, वेळ, अंदाजे संख्या, दोन जबाबदार विद्यार्थ्यांची नावं, तुम्हाला ओळखणाऱ्या एका प्राध्यापकाची सही. पोच घेतलेली प्रत फाइलला लाव. बरेच गट इथेच घसरतात. ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ असं लिहून खोली मिळवतात आणि आत बायबल उघडतात. मग एखादी तक्रार झाली की तुमच्या बाजूने बोलायला तो प्राध्यापकसुद्धा उरत नाही, कारण त्यालाही तुम्ही फसवलेलं असतं. परवानगी नाकारली तर हुज्जत नको, जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये भेटा.

नकारामागे कधी कधी खरं कारणही असतं. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय अशा शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. मुंबईचं विल्सन किंवा नागपूरचं हिस्लॉप अशा मिशनऱ्यांनी काढलेल्या कॉलेजांत वातावरण वेगळं असेल, संमतीचा नियम तिथेही आहे. म्हणून कॉलेजचा लोगो तुमच्या पत्रकावर नको, आणि अकरावी-बारावीची मुलं घरी माहीत असल्याशिवाय अभ्यासाला बसवायची नाहीत. कलम २५ प्रसाराचा हक्क देतं. पण १९७७ च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची हद्द सांगितली आहे: आपल्या धर्माची तत्त्वं मांडण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. मला विचारशील तर शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, सांगण्याची रीतही हीच आहे. मांडावं आणि थांबावं.

नवीन मुलं एकाच दिवशी येत नाहीत. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांचे कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, रेंगाळतात, शेवटच्या फेरीतली मुलं वर्ग सुरू झाल्यावर येतात आणि त्यांना कोणीच ओळखत नसतं. त्यामुळे एकच मोठं स्वागत ठेवण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन छोटी ठेव. पहिल्या पंधरवड्यात मुलाला प्रवचन नको असतं. परवडणारी मेस, पुण्याच्या पीएमपी बसचा पास, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीची कागदपत्रं, कॉट बेसिसवरची खोली, हे हवं असतं. दोघांनी बसून याचं एक पानी टिपण करा आणि मागेल त्याला द्या, त्याचा धर्म न विचारता. त्या पानावर बायबलचं वचन छापू नका. मदत आणि आमंत्रण एकाच श्वासात दिलं की समोरच्याला आमिषाचा वास येतो, आणि तो त्याचा दोष नसतो. तुमची मदत सरळ आहे की नाही, हे बैठकीला यायचं नाकारलेल्या मुलाला पुढच्या महिन्यातही तेवढाच वेळ देता का, यावरून कळतं.

आता बायबल अभ्यास. इथे जरा रेंगाळतो, कारण गट जगतो तो यावर आणि मरतोही यावरच.

सहा ते आठ जण पुरेत. दहाच्या वर गेले की दोन गट कर, नाहीतर तिघे बोलतात आणि बाकीचे मोबाइल बघतात. पहिल्या सत्रात मार्ककृत शुभवर्तमानाच्या बाहेर जाऊ नको. सहा भाग पुरतात (आधी अध्याय, मग वचनं): २:१–१२, ४:३५–४१, ५:२१–४३, १०:१७–३१, १०:४६–५२ आणि १५:२१–३९. त्या दिवसाचा उतारा एका कागदावर मोठ्या अक्षरात, ओळींत अंतर सोडून काढून आण. याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. बायबल कधीच न उघडलेल्या मित्राला पान शोधत बसावं लागत नाही, आणि एकाच्या हातात जुनं भाषांतर, दुसऱ्याच्या मोबाइलवर सोपं, असा घोळ होत नाही.

तासाभराची वाटणी साधारण अशी धर. पाच-सात मिनिटं गप्पा, उतारा दोघांच्या आवाजात दोनदा वाचणं, दहा मिनिटं पेन्सिल घेऊन शांतपणे खुणा करणं, मग अर्धा तास प्रश्न, शेवटी छोटी प्रार्थना. प्रश्न पाच-सहाच, घरून लिहून आणलेले. तयारीला दोन तास लागतात, बसमध्ये होत नाही. क्रम असा: मजकुरात काय दिसतं, त्याचा अर्थ काय, आणि मग आपलं काय. ‘यातून आपण काय शिकतो?’ हा पहिला प्रश्न असूच नये. त्याला संडे स्कूलमधली पाठ उत्तरं येतात, ‘विश्वास ठेवावा’, ‘प्रार्थना करावी’, आणि अभ्यास तिथेच संपतो. पक्षाघाती माणसाच्या गोष्टीत विचार: त्याला आणणारे चौघे छपरावर का चढले? येशू आधी काय म्हणाला, आणि उठून चालायला आधीच का नाही सांगितलं? तिथे बसलेल्या शास्त्र्यांना नेमकं काय खटकलं? प्रश्न विचारून झाला की मनातल्या मनात दहा आकडे मोज. बहुतेक प्रमुख तिसऱ्या आकड्याला स्वतःच उत्तर देतात, आणि दोन आठवड्यांत गटाला कळतं की इथे गप्प बसलं तरी चालतं.

कोणी भलतंच उत्तर दिलं तर ‘चूक’ म्हणू नको. ‘हे कुठल्या वचनात दिसलं?’ एवढं विचार. ज्याला सगळं येतं, बहुतेक वेळा तो पाळकाचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचा, मुलगा असतो, त्याला वेळ सांभाळायचं काम दे. प्रार्थनेला सुरुवात करण्याआधी नव्या पाहुण्याला सांग की आता दोन मिनिटं आम्ही प्रार्थना करणार आहोत, तू नुसता बसलास तरी चालेल. गोलात एकेकाची पाळी लावायची नाही.

गाणी दोन, फार तर तीन. गिटारवाला चांगला असला की चाळीस मिनिटं गायन आणि पंधरा मिनिटं वचन अशी बैठक होते. तो मुलगा पास होऊन गेला की गटच बसतो. पुण्याच्या गटांत मिझो, नागा, मल्याळी मुलं असतात, म्हणून सगळं इंग्रजीत चालतं. मग श्रीरामपूर, जालना, संगमनेरकडून आलेला मुलगा महिनाभर मागच्या खुर्चीत बसतो आणि यायचं बंद करतो. तो आध्यात्मिकदृष्ट्या थंड पडला, असा निष्कर्ष लोक काढतात. त्याला फक्त मराठीत एक छोटा गट हवा असतो. ना. वा. टिळकांची भजनं त्याला घरूनच पाठ असतात, एकदा टाळ आणि पेटीवर त्याला सुरुवात करू दे.

बाहेरचे मित्र येऊ लागले की प्रश्न येतील, आणि महाराष्ट्रात ते ठरलेले आहेत. तुमच्यात जात नाही का? बाबासाहेबांनी १९५६ साली बुद्धाचा मार्ग का धरला, ख्रिस्ताचा का नाही? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं देऊ नको. मंडळीतली, म्हणजे चर्चमधल्या लोकांची, लग्नं कशी जुळतात, हे त्यालाही दिसतं. दुसऱ्यासाठी बाबासाहेबांचं स्वतःचं लेखन वाच, आपल्या लोकांनी काढलेलं पत्रक वाचून उत्तर देऊ नको. ख्रिस्ती धर्म इंग्रजांचा, असं कोणी म्हटलं तर पंडिता रमाबाईंचं आयुष्य पुढे ठेवता येतं. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर तिथल्याच चर्चच्या माणसांशी सिद्धांतावरून पत्रांतून वाद घातला.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन गटात होत नाही. ते मंडळीचं काम. गटात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मार्थोमा, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, कॅथलिक अशा सगळ्या पंथांचे असतील, म्हणून बालबाप्तिस्मा आणि ‘अन्य भाषा’ (प्रार्थनेत अनोळखी भाषेत बोलणं) हे वादाचे विषय गटाबाहेर ठेव. आसपासच्या उपासनांची भाषा, वेळ आणि बस अशी यादी करून दे. रविवारी गटाची बैठक कधीही ठेवू नको.

अनुसूचित जातीतला मित्र बाप्तिस्म्याबद्दल विचारू लागला, तर एक गोष्ट त्याला आधीच माहीत हवी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती झालेल्याचा तो जातो. महाराष्ट्रात अशांना इतर मागासवर्गात धरतात. अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही. म्हणजे शिष्यवृत्ती, वसतिगृहातली जागा, पुढची नोकरी, सगळ्यावर परिणाम आहे. ‘मनात एक, कागदावर एक’ असा सल्ला देणारे भेटतील. तू देऊ नको, आणि घाईही करू नको. त्याला जाणत्या पाळकाकडे आणि वकिलाकडे ने, घरच्यांशी बोलायला वेळ दे.

फोटोंचंही तसंच. अभ्यासाला बसलेल्या मित्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नको. तो तिसऱ्या हाताने त्याच्या गावी पोचतो आणि निस्तरावं त्यालाच लागतं. ‘इतके आत्मे जिंकले’ असे हिशेब तर मुळीच नकोत.

पैसे कमी ठेव, चहा, झेरॉक्स आणि दोन सहलींपुरते. विद्यार्थी आणि ओळखीचे पदवीधर यांच्याकडूनच घे, वहीत लिही, महिन्याला वाचून दाखव. गटात परदेशी विद्यार्थी असतील तर सावध राहा. परदेशी नागरिकाने भारतात रुपयांत दिलेली देणगीसुद्धा एफसीआरए या परकीय देणग्यांच्या कायद्याखाली परकीय देणगी ठरते, आणि नोंदणीशिवाय ती घेता येत नाही. सहलीचा स्वतःचा खर्च त्याने द्यावा, अर्पणाची थैली त्याच्यासमोर नको. त्याला रस्त्यावर पत्रकं वाटायलाही पुढे करू नको, तो विद्यार्थी व्हिसावर आहे.

सत्र पंधरा आठवड्यांचं दिसतं, पण गणपती, अंतर्गत परीक्षा आणि सबमिशन वजा करता दहाच बैठका खऱ्या होतात. दहाचीच योजना कर. ख्रिस्तजयंतीची गाणी हॉस्टेलमध्ये गायची तर परीक्षेचं वेळापत्रक आधी बघ, रेक्टरला विचार, स्पीकर लावू नको. रात्री दहानंतर तर तो लावताच येत नाही.

एखादा मुलगा झोपत नाही, जेवत नाही, मरणाचं बोलतो, असं दिसलं तर प्रार्थना कर आणि त्याच दिवशी त्याला समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे घेऊन जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, तो प्रत्येकाच्या फोनमध्ये असू दे. हे भुताचं आहे म्हणून गोळ्या बंद करायला सांगणारा कोणी गटात शिरला, तर त्याला तिथल्या तिथे थांबव. मुलामुलींचं एकमेकांना एकट्याने बंद खोलीत मार्गदर्शन नको. मुलींचं ताईने ऐकावं.

तुझ्या अडचणीला विचारायला माणसं आहेत. यूईएसआयची (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) चळवळ १९५४ पासून विद्यार्थ्यांनीच चालवलेले असे गट सांभाळते, आणि कॅथलिक मुलांची एआयसीयूएफ (ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन) १९२४ पासून आहे. जवळच्या ईजीएफमधले, म्हणजे यूईएसआयच्या पदवीधर मंडळातले, पदवीधर सल्ला देतील. बैठक मात्र त्यांना चालवू देऊ नको, पाहुणा वक्ताही सत्रात एकदाच. मोठी माणसं चालवू लागली की विद्यार्थी श्रोते होतात.

पुढच्या जानेवारीत नवा प्रमुख ठरवा, मेमध्ये नाही. फेब्रुवारी-मार्चमधले चार अभ्यास त्याने घ्यावेत आणि तू मागे बसावंस. त्याला एक फाइल दे: अर्जांच्या प्रती, ओळखीच्या प्राध्यापकांची आणि पाळकांची नावं, वापरलेले प्रश्न, नव्यांसाठीचं एक पानी टिपण, काय जमलं नाही त्याची यादी. रोख शिल्लक त्याच्यासमोर मोज, दोघांच्या सह्या घे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद सोड. जूननंतर त्याने फोन केला तरच सल्ला दे.

तुझा,
दादा