वाचकांचे प्रश्न : राखीव समुद्राला विरोध का?

प्रश्न : सागरी संरक्षित क्षेत्र, म्हणजे मासेमारीवर बंदी किंवा मर्यादा असलेला समुद्राचा राखीव भाग, म्हटलं की मच्छीमार विरोधात का जातात?

उत्तर : विरोध माशांच्या राखणीला क्वचितच असतो; न विचारता आखलेल्या हद्दीला असतो. बंदीचा फटका पहिल्याच दिवशी बसतो, मासे वाढायला मात्र वर्षं जातात. मेक्सिकोतल्या काबो पुल्मोत गावकऱ्यांनीच पुढाकार घेतला, १९९५ मध्ये तिथला समुद्र राष्ट्रीय उद्यान म्हणून राखीव झाला; १९९९ ते २००९ दरम्यान तिथल्या माशांचं एकूण वजन पाचपटीहून अधिक झालं.

म्हणून आधी नकाशा पसरा. जाळी कुठे पडतात, मासे अंडी कुठे घालतात, या खुणा मच्छीमारांनाच करू द्या. किनाऱ्यालगतचा सगळा पट्टा बंद करू नका, लहान होडीला लांब जाणं झेपत नाही. हद्दीवर बोये, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणा, हव्यातच. आणि बाहेरचा ट्रॉलर आत शिरून सुटला, तर स्थानिकांचा विश्वास त्याच रात्री उडतो. गस्तीवर त्यांनाही घ्या.