‘घरी कुणी बघतच नाही हो!’

“निम्म्या वर्गाचा गृहपाठ कोरा असतो. पालकांना निरोप धाडले तरी येत नाहीत. घरी कुणी बघतच नाही हो, मग मी एकटीने किती डोकं फोडायचं?” तिसरीला शिकवणाऱ्या एका बाईंची ही तक्रार. बेताच्या कमाईच्या घरांतल्या मुलांना शिकवणारे शिक्षक माझ्याकडे येतात, तेव्हा बोलणं बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी म्हटलं, सगळ्या वर्गाचं राहू द्या, एकाच मुलाबद्दल सांगा. त्यांनी वर्गात पेंगणारा, वही कधीच न आणणारा मुलगा निवडला. त्याच्या घराविषयी विचारलं, तर बाईंना फारसं ठाऊक नव्हतं. तक्रार न करता नुसतंच भेटायचं आणि वेळ पालकांच्या सवडीची, एवढंच ठरलं. रात्रपाळी आटोपून परतताना त्याची आई शाळेच्या फाटकाशी थांबली. घर एका खोलीचं, संध्याकाळी धाकटी बहीण याच्याकडे. आईने आधी विचारलं ते असं : “पोरगं शिकेल ना हो, बाई?”

हिला पोराची काळजी नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

पैशाची विवंचना माणसाचं डोकंच अडवून ठेवते. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तेच शेतकरी हंगामाआधी, पैशाची ओढाताण असताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि ऊस विकल्यावर सावरले. शाळेचा निरोप विसरणाऱ्या आईकडे या नजरेने बघावं.

आता वहीकडे वळू. बाईंनी त्याला शेजारी बसवून ५२ वजा १७ करायला दिलं. उत्तर आलं ४५. सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे त्याने इतकं पक्कं धरलं होतं, की हातचा घेण्याचा प्रश्नच येत नव्हता. असा गृहपाठ घरी नेऊन तो करणार काय? बाईंनी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे दिले. एक गठ्ठा सोडून सुट्या काड्यांत मिसळल्यावर सातच्या सात काढता येतात, हे त्याने हातांनी केलं, मग कागदावर.

तेव्हापासून वही शाळेतच राहते आणि सराव शेवटच्या तासाला होतो. प्राथमिक वर्गांत गृहपाठाचा प्रगतीशी संबंध फारच क्षीण असतो, असं गृहपाठावर संशोधन करणारे अमेरिकी अभ्यासक हॅरिस कूपर यांच्या २००६ च्या आढाव्यातही दिसलं होतं, तेव्हा यात फार काही बुडत नाही. घरी न्यायचं काम एकच : आज वाचलेली गोष्ट कुणाला तरी सांगायची. ऐकायला आईला लिहिता-वाचता यावं लागत नाही.

मधे बाईंचा लंबक उलट्या टोकाला गेला. “बिचारा, त्याला सोपीच गणितं देते.” तिथे मात्र मी अडवलं. सूट गृहपाठाला द्या, शिकण्याला नको. दयेपोटी मुलाकडून कमी अपेक्षा ठेवल्या तर ते त्याला लगेच कळतं, आणि मग तोही स्वतःकडून तेवढीच ठेवतो.

पेंगणं अजून थांबलेलं नाही. बहिणीला सांभाळायला दुसरं कुणी मिळेपर्यंत थांबेल असं वाटतही नाही. ज्या दिवशी तो जडावलेल्या डोळ्यांनी येतो, त्या दिवशी बाई नवं गणित मधल्या सुट्टीनंतर घेतात.