वाहक म्हणजे रोगी नव्हे

प्रश्न : मॅडम, माझा आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा, दोघांचाही सिकलसेलचा रिपोर्ट ‘एएस’ आला. आता त्याच्या घरचे म्हणतात, मुलीच्या रक्तात खोट आहे, लग्न नको. खरंच खोट आहे का? (गडचिरोली)

उत्तर : नाही. आणि रिपोर्ट दोघांचा सारखाच असताना ‘खोट’ फक्त मुलीची कशी, हे त्यांना नक्की विचारा.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आणि ‘एएस’ म्हणजे त्याचे वाहक. हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमच्या एका प्रतीत एका अक्षराचा फरक आहे. दुसरी प्रत व्यवस्थित आहे, म्हणून तुम्ही दोघं चारचौघांसारखेच जगता. हा फरक इतक्या पिढ्या टिकला कसा? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथे हिवताप लहान मुलांचे बळी घेत होता, तिथे ही एक प्रत असलेली मुलं जास्त तगली, मोठी झाली, आणि जनुक पुढच्या पिढीत गेलं. आपल्या जंगलपट्ट्यात ते जास्त आढळतं त्याचं मूळ इथेच आहे. ज्याला आज घरचे खोट म्हणतात, त्यानं तुमच्या कितीतरी पणज्यांना जगवलंय.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. दोघंही वाहक असाल, तर बाळ ‘एसएस’ म्हणजे आजारी असण्याची शक्यता चारात एक असते, आणि ती प्रत्येक गरोदरपणात नव्यानं असते. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ हे मी शिबिरांत फार वेळा ऐकलंय. ते चूक आहे. एसएसमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि जीवघेणं दुखणं उठतं. गरोदरपणाच्या अकराव्या आठवड्यापासून वारेचा नमुना तपासून बाळ एसएस आहे की नाही, हे कळू शकतं. पुढचा निर्णय तुमचा दोघांचा. तो घेण्याआधी समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जा.

आणि तुमचा रिपोर्ट तुमच्या आधी गावाला कळला असेल, तर दोष तपासणी करणाऱ्यांचा आहे. शिबिरात सगळ्यांसमोर नावं वाचून दाखवलेली मी पाहिली आहेत. त्या दिवशीचा संताप अजून गेलेला नाही.

प्रश्न : जनुक दुरुस्त करून सिकलसेल बरा होतो असं वाचलं. माझा भाऊ १४ वर्षांचा आहे, एसएस. त्याला मिळेल का? (नंदुरबार)

उत्तर : बातमी खरी आहे. २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली, तीही १२ वर्षांपुढच्या रुग्णांसाठी. गंमत म्हणजे त्यात बिघडलेलं अक्षर दुरुस्त करतच नाहीत. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, आणि जन्मानंतर एक जनुक ते जवळजवळ बंद करतं. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्रानं तो बंद करणारा खटकाच निकामी करतात आणि पेशी परत देतात. बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं, आणि त्यामुळे पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. पण मधे जोरदार केमोथेरपी घ्यावी लागते, त्यामुळे पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे आपल्याकडचे अठरा कोटींहून अधिक रुपये.

हा आजार जगात सर्वांत जास्त आफ्रिकेत आणि आपल्या आदिवासी भागांत आहे, आणि इलाज परवडतो तो श्रीमंत देशांना. मला हा प्रश्न विज्ञानाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पाड्यापाड्यांतून रक्ताचे नमुने घेतले जातात. ते देणाऱ्या माणसाला त्याचं पुढे काय होणार हे त्याच्या भाषेत, गोंडीत, भिलीत समजावलंच पाहिजे, आणि त्यातून औषध निघालं तर ते आधी त्याच्या पाड्यावर पोचलं पाहिजे. दिल्लीची आयजीआयबी ही सरकारी संस्था स्वस्त देशी उपचारावर काम करते आहे. माझी सगळी आशा तिथे आहे.

तोवर भावासाठी दोन गोष्टी करा. हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित चालू ठेवा, बरं वाटतंय म्हणून सोडू नका. आणि तुमची स्वतःची एचएलए तपासणी, म्हणजे तुमची मज्जा भावाशी जुळते का याची रक्ततपासणी, करून घ्या. सख्ख्या भावंडाचा मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि मज्जा प्रत्यारोपणानं हा आजार बरा होतो. तुम्ही वाहक असलात तरी दाता होऊ शकता.

प्रश्न : मग गर्भ तयार होतानाच जनुक का बदलू नये? (नाशिक)

उत्तर : कारण तो बदल पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरतो, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. २०१८ साली चीनच्या हे जियानकुई यांनी एचआयव्हीपासून संरक्षण म्हणून जुळ्या मुलींचं सीसीआर-५ हे जनुक गर्भावस्थेतच बदलवलं. पण हे जनुक निकामी असलेल्यांना वेस्ट नाईल विषाणूचा त्रास जास्त होतो. शास्त्रज्ञाला तीन वर्षांची कैद झाली, पण तो बदल त्या मुलींबरोबर जन्मभर राहणार. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांनुसार अशा बदलाला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

प्रश्न : अमेरिकेतल्या मुलानं थुंकीतून जनुकांची चाचणी केली. त्यात म्हणे आपल्यात निअँडरथल आहे! आता तो मलाही नमुना पाठवायला सांगतोय. (पुणे)

उत्तर : आहेच. निअँडरथल म्हणजे माणसाची एक नामशेष झालेली जुनी जात. आफ्रिकेबाहेरच्या बहुतेक माणसांच्या जनुकसंचात साधारण दोन टक्के वारसा तिचा असतो. या शोधमालिकेसाठी स्वान्ते पेबो यांना २०२२चं नोबेल मिळालं. त्या वारशातला तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा दक्षिण आशियातल्या सुमारे निम्म्या लोकांत आहे. त्यानं कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवला, पण एचआयव्ही लागण्याचा धोका तोच तुकडा कमी करतो.

नमुना पाठवण्याआधी मात्र थांबा. मुलाच्या थुंकीतून तुमचा निम्मा जनुकसंच आधीच गेला आहे. तुम्ही पाठवलात की तुमच्या भावाबहिणींचाही बराचसा जाईल, त्यांना न विचारता. अशाच एका मोठ्या कंपनीनं, ‘ट्वेंटीथ्री अँड मी’नं, मार्च २०२५मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लाखो ग्राहकांची ही माहिती कुणाच्या हाती जाणार याची चिंता उभी राहिली. मुलाला आधी त्याचा साठवलेला नमुना नष्ट करण्याची विनंती कंपनीला पाठवायला सांगा. ती सोय खात्याच्या सेटिंगमध्ये असते.