ऑफसाइडची रेघ कितपत खरी?

प्रश्न : इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमध्ये बोटभर पुढे असलेल्या पायामुळे गोल रद्द होतो. व्हीएआर (चित्रण पाहून रेफ्रीला मदत करणारी यंत्रणा) खरंच इतकं बारीक मोजतं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पास सुटताना आघाडीपटू प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात, चेंडू आणि शेवटून दुसरा बचावपटू या दोघांच्याही पुढे असला तर ऑफसाइड. हे पाहायला चित्रावर ओढलेली रेघ बारीक असते, मोजमाप तितकं बारीक नसतं. 2019-20च्या हंगामात तिथे व्हीएआर आलं तेव्हा प्रक्षेपणाचे कॅमेरे सेकंदाला 50 फ्रेम टिपत होते. म्हणजे दोन फ्रेममध्ये 20 मिलिसेकंद. आघाडीपटू सेकंदाला 8 मीटर वेगाने गोलकडे सुटलाय आणि बचावपटू 3 मीटर वेगाने उलटा वर येतोय असं धरा. 11 गुणिले 0.02, म्हणजे 22 सेंटीमीटर. अलीकडची फ्रेम घेतली की पलीकडची, एवढ्यावर हा फरक पडतो! नियमानुसार पास देणाऱ्याचा चेंडूला पहिला स्पर्श होतो तो क्षण धरायचा. पण जोरात मारताना पाय चित्रात पुसट होतो आणि खरा स्पर्श बहुधा दोन फ्रेमच्या मध्येच होऊन जातो.

दुसरी अडचण शरीराची. हात मोजत नाहीत, हाताची हद्द काखेच्या तळापाशी सुरू होते. पण फडफडणाऱ्या बाहीत तो बिंदू माणसालाच शोधावा लागायचा, मग तिथून जमिनीपर्यंत लंबरेषा. ऑगस्ट 2019मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध मँचेस्टर सिटीच्या जेझूसचा गोल गेला तो स्टर्लिंगच्या खांद्यापायी. 2021-22पासून लीगने रेघा जाड केल्या: आघाडीपटूची आणि बचावपटूची रेघ एकमेकींवर आली तर ऑनसाइड. आमच्या मते हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

प्रश्न : सेमी-ऑटोमेटेड पद्धतीने (खेळाडूंच्या जागा यंत्रच टिपतं ती) हा घोळ मिटला का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बराचसा, पण सगळा नाही. कतारमधल्या 2022च्या विश्वचषकात छताखाली 12 खास कॅमेरे होते. ते प्रत्येक खेळाडूचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपत. चेंडूतला सेन्सर सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवायचा. त्यामुळे स्पर्शाची वेळ 2 मिलिसेकंदांपर्यंत कळते आणि वरच्याच हिशेबाने 22चे 2.2 सेंटीमीटर होतात. खेळाडूची जागा मात्र 50 वेळाच टिपलेली. मधल्या क्षणाची जागा अंदाजाने काढायची. धड एकसारखं सरकतं, त्यामुळे त्याचा अंदाज चांगला येतो. झपकन फिरणाऱ्या पावलाचा तितका नाही.

प्रीमियर लीगने ही पद्धत 12 एप्रिल 2025ला सुरू केली, पण चेंडूत सेन्सर न ठेवता. त्याआधी मार्चमध्ये एफए कपच्या बोर्नमथ-वुल्व्हज सामन्यात पेनल्टी क्षेत्रात इतकी दाटी झाली की यंत्राला खेळाडू वेगळे करता आले नाहीत. रेघा हाताने ओढाव्या लागल्या आणि तपासणी सुमारे आठ मिनिटं चालली. शिवाय खेळाडूने खेळात हस्तक्षेप केला का, हे आजही माणूसच ठरवतो. 30 सप्टेंबर 2023ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियासचा गोल हुकला त्यात तर रेघेचा काहीच दोष नव्हता. मैदानावर ऑफसाइड दिला होता, पण गोल दिलाय असं समजून व्हीएआरने 'तपासणी पूर्ण' कळवलं, खेळ पुन्हा सुरू झाला आणि नियमाने मागे फिरता आलं नाही.

प्रश्न : आमच्या स्पर्धेत मोबाइलवर चित्रण करून ऑफसाइड ठरवता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सरावात लाइन्समन तयार करायला जरूर वापरा. मोबाइल ट्रायपॉडवर, शक्य तितका उंच आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबर रेषेत हवा. नजर 5 अंशांनी तिरकी असेल आणि दोन खेळाडूंमध्ये मैदानाच्या रुंदीत 10 मीटर अंतर असेल, तर सुमारे 87 सेंटीमीटरची चूक होते. घरी टीव्हीवर उगाच आरडाओरडा होतो तो बहुतेकदा या तिरकेपणामुळे. संदर्भाला पेनल्टी क्षेत्राची गोलरेषेला समांतर असलेली रेघ चित्रात ठेवा. वाइड लेन्स कडेला सरळ रेघाही वाकवते, तेव्हा वादाचा भाग मधोमध यायला हवा.

सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन ठेवलात तर वेळेची चूक जास्तीत जास्त 4 मिलिसेकंद, म्हणजे वरच्या वेगाला साडेचार सेंटीमीटर. पण पास देणाराही त्याच चित्रात दिसायला हवा. तो चौकटीबाहेर असेल तर फ्रेम कितीही असोत, उपयोग शून्य.

सामन्यात मात्र हे चित्रण रेफ्रीपुढे नाचवू नका. व्हीएआरची रीतसर परवानगी असलेल्या स्पर्धा सोडल्या, तर चित्रण पाहून निर्णय बदलायची मुभा त्याला नियमाने नाहीच.