अँजिओमॅटोसिस, अर्बुद आणि घरातली 'गाठ'

कर्वेनगरच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या धाकट्या भावाचं मूत्रपिंड चार वर्षांपूर्वी बदललं. यंदा त्याच्या मानेवर आणि दंडावर लाल गाठी उठल्या. त्यातल्या एकीचा तुकडा तपासायला पाठवला, तर रिपोर्टवर शब्द आला 'बॅसिलरी अँजिओमॅटोसिस'. नात्यातल्या कुणी कोश उघडून सांगितलं की अँजिओमा म्हणजे वाहिनी-अर्बुद आणि अर्बुद म्हणजे कॅन्सर. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही. ताई विचारतात, अर्बुद म्हणजे कर्करोगच का? आणि या आजाराला मराठीत म्हणायचं तरी काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते त्या घरात आधी पोचायला हवं. नाही. अर्बुद म्हणजे कर्करोग नव्हे, आणि हा आजार तर मुळीच कर्करोग नाही. तो जंतुसंसर्ग आहे आणि औषधानं बरा होतो.

आता शब्द. 'बॅसिलस' म्हणजे लॅटिनमध्ये छोटी काठी, त्यावरून आपला 'दंडाणू'. 'अँजिओ' हे ग्रीक भांडं, इथे रक्तवाहिनी. 'ओमा' म्हणजे बहुधा गाठ किंवा सूज, आणि 'ओसिस' म्हणजे तशी अवस्था. थोडक्यात, काठीच्या आकाराच्या जंतूंमुळे बारीक रक्तवाहिन्या जागोजाग वाढून गाठी येणं. घोळ होतो तो या 'ओमा'पाशी. कार्सिनोमा कर्करोगच, पण लिपोमा म्हणजे कित्येकांच्या पाठीवर जन्मभर निमूट बसलेली चरबीची गाठ. ग्लॉकोमा तर काचबिंदू, तिथे गाठच नाही.

'अर्बुद'ही असाच भरडला गेलेला शब्द आहे. जुन्या गणितात अर्बुद म्हणजे दहा कोटी, अबूचा डोंगर तो अर्बुदाचल. सुश्रुतसंहितेत अर्बुद म्हणजे गोल, स्थिर, कमी दुखणारी, खोल मुळाची, हळूहळू वाढणारी आणि न पिकणारी गाठ. तिथे त्याचे प्रकार आहेत; मेदोर्बुद वेगळं, रक्तार्बुद वेगळं. लाल गाठी पाहून कुणी 'रक्तार्बुद' सुचवेल, पण मी तो शब्द इथे वापरू देणार नाही. सुश्रुतानं रक्तार्बुदाला असाध्य म्हटलंय, आणि आजच्या कानाला तो ब्लड कॅन्सरसारखा लागतो. 'वाहिन्यर्बुद' संधीनं बरोबर आहे, पण उच्चारताना जीभ अडखळते. शिवाय नुसतं 'वाहिनी' म्हटलं की आता लोकांना टीव्ही आठवतो. 'रक्ताची गाठ'ही नको, त्यानं रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी डोळ्यांपुढे येते.

ताईंनी गाठीचं वर्णन फार नेमकं केलंय: 'डाळिंबाच्या दाण्यासारखी, तुकतुकीत, आणि सदऱ्याची कड घासली तरी भळाभळा रक्त.' दिसायला कापोसी सार्कोमा नावाच्या कर्करोगाच्या गाठी हुबेहूब अशाच असतात, म्हणून तर तुकडा काढावा लागतो. त्याला चांदीच्या क्षारांचा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या काड्यांचे पुंजके उमटतात. ते दंडाणू. नाव बार्टोनेला, आल्बेर्तो बार्टन या डॉक्टरांवरून. हा आजार सहसा प्रतिकारशक्ती फार उतरलेल्यांना होतो: एचआयव्ही झालेल्यांना, किंवा नवा अवयव शरीरानं नाकारू नये म्हणून गोळ्या घेणाऱ्यांना. एरिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिननं तो हटतो, मात्र औषध बहुधा तीन महिने किंवा जास्त चालतं. गाठी विरल्या म्हणून मधेच सोडायचं नाही.

याच जंतूच्या कुळातल्या एका आजाराचं नाव मला फार आवडतं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात अशाच लाल गाठींना 'वेरुगा पेरुआना' म्हणतात, म्हणजे सरळ 'पेरूची चामखीळ'. लिमातला वैद्यकीचा विद्यार्थी दानिएल कारियोन यानं 1885 साली या गाठीतला द्रव स्वतःला टोचून घेतला. त्याला गाठी आल्याच नाहीत, आला तो 'ओरोया ताप', आणि 5 ऑक्टोबरला तो गेला. गाठी आणि ताप एकाच आजाराची दोन रूपं आहेत हे त्यातून कळलं. इतका जीवघेणा आजार, तरी लोकांनी त्याला घरातलाच शब्द दिला.

आपल्याकडेही तसे शब्द आहेत. ताईंनी सहज लिहिलंय की भावाकडे मांजरीचं पिल्लू आहे आणि ते 'ओरखडतं'. मांजराला आपण बोचकारणं म्हणतो. ओरखडा काट्यानंही उठतो, बोचकारा नखांचाच. आणि हा आजार देणाऱ्या दोन जंतूंपैकी बार्टोनेला हेन्सेली मांजरांत पिसवांमार्फत पसरतो आणि त्याच बोचकाऱ्यातून माणसाच्या अंगात शिरतो. दुसरा, बार्टोनेला क्विंटाना, अंगावरच्या उवांतून येतो. 'क्विंटाना' म्हणजे पाचवी, कारण त्याचा ताप पाच दिवसांनी उलटतो, आपल्या एकांतऱ्यासारखा मोजून ठेवलेला. तेव्हा भावाच्या डॉक्टरांना पिल्लाचं जरूर सांगा.

फाइलवर मराठीत लिहायचं तर 'दंडाणुजन्य रक्तवाहिनी-गाठी' लिहा. आईला सांगताना 'जंतूंमुळे आलेल्या लाल गाठी' म्हणा. फक्त 'जंतू' नीट उच्चारा. 'जंत' ऐकू आलं तर त्या पोटाचं औषध शोधायला लागतील.