कमोडोर ६४ एम्युलेटरमध्ये फाइल लोड होत नसेल तर

‘फाइल नॉट फाउंड’ हा संदेश पाहून एम्युलेटर (जुन्या कमोडोर ६४ संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) पुन्हा इन्स्टॉल करण्याची घाई करू नका. दोष बहुधा आज्ञेत किंवा फाइलच्या नावात असतो. डी६४ फाइल (जुन्या डिस्कची संगणकीय प्रत) ड्राइव्ह ८ला जोडून आधी लोड "$",८ आणि मग लिस्ट ही आज्ञा द्या, म्हणजे डिस्कवरील नावे दिसतील व हवे ते नाव जसेच्या तसे लिहिता येईल. नवोदित हमखास विसरतात तो शेवटचा ८: तो नसला की संगणक कॅसेटकडे वळतो आणि ‘प्रेस प्ले ऑन टेप’ म्हणत थांबून राहतो. यादी दिसूनही खेळ अर्ध्यावर अडकत असेल, तर ट्रू ड्राइव्ह एम्युलेशन (डिस्क ड्राइव्हची हुबेहूब नक्कल करणारी सेटिंग) चालू करा, कारण अनेक खेळांचे जलद लोडर (खेळ वेगाने लोड करणारे छोटे प्रोग्राम) कमोडोरच्या खऱ्या १५४१ डिस्क ड्राइव्हच्या वागण्यावर विसंबून असतात. बाकीच्या सेटिंग्जना सध्या हात लावू नका.